नालीवरच्या फळ्या

कानबाईचा रोट मी खात नाही. भाऊबंदकीतल्या बाया अजून कुजबुजतात, मंदाला देवीचं वावडं आहे, चार बुकं जास्त शिकली म्हणून माज चढलाय. म्हणू देत बापड्या. देवीशी माझं काही वाकडं नाही. वाकडं आहे ते घरातल्या माणसाशी, आणि ते का, हे एकदा नीट सांगून टाकते. मधे कुणी समजूत घालायला येऊ नका, मला त्याचा फार कंटाळा आहे.

मी शिरपूरची. वडील प्राथमिक शिक्षक. त्यांनी पोटाला चिमटा घेऊन मला एम.एस्सी. केलं, वनस्पतिशास्त्रात. लग्न होऊन अमळनेरला आले ती लीलाधर पाटलांच्या घरात. लीलाधर कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात कारकून. बी.कॉम.ला दोनदा बसला आणि मग बसायचाच राहिला. घरात तो, मी आणि माझी सासू रुक्माबाई. तिला अख्खी गल्ली अक्का म्हणायची, मीही अक्काच म्हणायचे. मी गावातल्या कॉलेजात तासावर शिकवायला जायचे. तासावर म्हणजे कळलं ना? आज आहे, उद्या नाही. मार्चमध्ये परीक्षा संपली की घरी बसा, जूनमध्ये पुन्हा अर्ज करा.

सासरे मी आले त्याआधीच गेले होते. त्यांना नाना म्हणत. ते जिनिंगमध्ये फिटर. कधीकाळी तिथं विलायतेहून मशीन आलं, ते ज्या खोक्यात आलं त्याच्या जाड फळ्या मालकानं नानांना देऊन टाकल्या. नानांनी त्या बैलगाडीत घालून आणल्या आणि परसातल्या नालीवर आडव्या टाकल्या, पलीकडं जायला. अक्काला त्या फळ्यांचा कोण अभिमान! नवीन माणूस आला की ती परसात नेऊन दाखवायची. "नानास्नं विलायती लाकूड शे," म्हणायची. लाकूड काय, चीड. पाइन. हिमालयातही होतं आणि विलायतेतही. आमच्याकडं मात्र निंब, बाभूळ, अंजन, साग. चिडाचं झाड औषधाला सापडायचं नाही.

लग्नानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात मी नालीपाशी राख टाकायला गेले आणि फळीच्या कुजक्या टोकाला केशरी ठिपके दिसले. आधी वाटलं, कुणी शेंदूर शिंपडलाय. खाली बसले, बघितलं, आणि राखेचं टोपलं हातातच राहिलं. ती वाटी-बुरशी होती. मसुरीच्या डाळीएवढी एकेक वाटी, आतून पिकल्या पपईच्या रंगाची, बाहेरून पांढरी लव, खाली इवलासा देठ. ही थंड मुलखातली. कुजलेल्या चीड-देवदाराशिवाय दुसरीकडं राहत नाही. तिच्यावर फारसं कुणी लिहिलेलंही नाही. आणि ती अमळनेरात, जिथं मे महिन्यात चप्पल डांबराला चिकटते तिथं, आमच्या सांडपाण्याच्या नालीवर निवांत बसली होती.

तेव्हा मी अक्षरशः नाचले. खोटं कशाला बोलू?

थंडी-पावसात दिसायची, उन्हाळ्यात गायब. पुन्हा जुलैत हजर. उन्हाळाभर ती लाकडाच्या पोटात जिवंत राहते, की दरवर्षी नवी कुठून येते? हा माझा प्रश्न. कुणाचा उसना घेतलेला नव्हता, माझा होता. पुण्याच्या दामले सरांना मी लिहिलं, सुकवलेल्या वाट्या पाकिटात घालून पाठवल्या. बुरशीतलं मोठं नाव. त्यांच्या हाताखाली पीएच.डी.ला नाव लागलं की शिष्यवृत्ती, पुण्याला राहणं, आणि मग जूनच्या जूनला अर्ज करायची गरज नाही. मला दुसरं काही नको होतं. एवढं एकच हवं होतं.

सरांचा पहिला निरोप थंड होता. पाकीट तर हिमालयातल्या मसुरी गावाहूनही पाठवता येतं, खानदेशात ही असणं शक्य नाही. मी चिडून पुन्हा लिहिलं. मग श्रावणात ते धुळ्याला परीक्षक म्हणून यायचे होते, तेव्हा कळवलं की सोमवारी एसटीनं अमळनेरला उतरतो. जागेवर, त्याच लाकडावर, उगवलेली बघितली की तुमचं नाव घेतो. तोवर तिला कुणी हात लावायचा नाही. धुवायची नाही, हलवायची नाही, सावलीसुद्धा बदलायची नाही.

अठ्ठ्याऐंशीचा श्रावण. तो सोमवार म्हणजे कानबाईच्या विसर्जनाचा दिवस.

खानदेशाबाहेरच्यांना कानबाई सांगावी लागते. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते. चौरंगावर नारळ, त्याला नथ, डोळे, दागिने. रात्रभर गाणी आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर. आणि त्याच्या आधी आठवडाभर घराची सफाई. सफाई म्हणजे तुमची दिवाळीची झाडझूड नव्हे. भिंतींना चुना, उशांचे अभ्रेसुद्धा उकळत्या पाण्यात, पितळ चिंचेनं, लोखंड राखेनं. घरात मळकट म्हणून काही ठेवायचं नाही. मग रोटाचे, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू. घरातल्या दर पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. बाईच्या नावाची मूठ नसते. तो रोट फक्त घरच्यांनी खायचा, परक्याला घासभरही द्यायचा नाही आणि पुनवेच्या आत संपवायचा.

मी खुळी नव्हते. ही सफाई काय करते मला ठाऊक होतं. म्हणून आठ दिवस आधीच दोघांना परसात उभं करून सांगितलं. अक्काला वाट्या दाखवल्या. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तिला काय दिसणार! तिनं फळीवरून मायेनं हात फिरवायला घेतला तो मी वरच्या वर धरला.

"पुन्याना साहेब हाई देखाले येवाव शे?" अक्कानं विचारलं.

"हो अक्का. म्हणून हात लावायचा नाही. साहेब येऊन जाईपर्यंत कुणी म्हणजे कुणी नाही."

"नानास्नं लाकूड देखाले पुन्याना साहेब," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. मी पुन्हा सांगितलं, लाकूड नाही, त्यावरचं हे केशरी. ती मान डोलावत राहिली.

लीलाधरला मात्र मी भिंग हातात देऊन दाखवलं. त्याचे डोळे ठणठणीत होते. त्याला म्हटलं, हळूच फुंकर मार. त्यानं मारली. क्षणभर काही नाही, आणि मग वाट्यांतून बारीकसा धूर वर आला. त्या बिया असतात, बुरशीच्या. लीलाधर दचकून मागं झाला, मग हसला. "अरे वा, विडी ओढते का ही?" म्हणाला. मीही हसले. लग्न झाल्यापासून माझ्या कामातलं काहीतरी त्यानं पहिल्यांदा नीट बघितलं होतं. मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी मी त्याच्या आवडीचं भरीत केलं.

जेवताना त्यानं विचारलं, "सरांनी हो म्हटलं तर पुण्याला किती दिवस?"

"दोन वर्षं तरी. सुट्टीत येईन की."

"आणि इथं अक्काचं कोण बघणार?"

"तू आहेस ना!"

त्यानं आणखी एक भाकरी घेतली. मला वाटलं, झालं, पटलं. बाईची जात किती लवकर खूश होते बघा.

शनिवारी माझे कॉलेजात सकाळचे तास होते. निघताना मी परसात जाऊन आले. रात्री पाऊस झालेला, वाट्या टपोऱ्या, एकमेकींना चिकटून बसलेल्या. लीलाधर ओट्यावर पेपर वाचत होता. त्याला शनिवारी सुट्टी नव्हती, पण कानबाई म्हणून रजा काढलेली. त्याला म्हटलं, "लक्ष असू दे हं." तो पेपरातूनच "हूं" म्हणाला.

दुपारी परत आले तर अंगणात चुन्याचा वास, दोरीवर गोधड्या, सगळीकडं पाणी. परसाचं दार सताड उघडं. नालीवर फळ्या नव्हत्या.

"अक्का!" अशी ओरडले की शेजारची बेबाबाई भिंतीवरून डोकावली.

अक्का पत्र्याच्या सावलीत बसली होती, पाय पसरून, दमलेली, दोन्ही हात कोपरापर्यंत राखेनं माखलेले. तिनं हसत वर बोट केलं. गच्चीवर, उन्हात, नानांच्या फळ्या ओळीनं उभ्या. राख आणि विटकरीच्या भुकटीनं घासलेल्या, वरून सोड्याचं उकळतं पाणी ओतलेलं. नव्या पाटासारख्या पिवळ्याधमक. टोकाचा कुजका भाग तिनं विळ्यानं खरवडून काढला होता.

"देख वं," अक्का म्हणाली. "आते साहेबले दाखाड. बठ्ठा मय काढी टाका." सगळा मळ काढला होता तिनं.

मी नालीत उतरले. होय, उतरले, साडीसकट. चिखलात हात घालून एकतरी वाटी मिळते का शोधत राहिले. राखेचा लगदा आणि लाकडाचा भुगा, दुसरं काही नाही. अक्का घाबरून विचारत होती, काय व्हयनं वं, सोनं पडनं का? सत्तरीला टेकलेली बाई, जेमतेम दिसणारी, सकाळभर उकिडवी बसून माझ्यासाठी राबली होती. तिच्यावर कसली ओरडू? कपाळ माझं.

लीलाधर तेव्हा घरात नव्हता. संध्याकाळी पानविडा खाऊन आला. मी सांगितलं तर म्हणाला, "अरेरे! मी जरा बाहेर गेलो होतो. आता काय करणार?"

"धुळ्याला जा. सरांना सांग येऊ नका. तोंडघशी पडण्यापेक्षा ते बरं."

"येऊ दे ना. एवढा मोठा माणूस घरी येतोय, चहापाणी होईल." आणि तो कानबाईचा मांडव बांधायला गेला.

रविवारी मी रोटाचे गहू दळले. लीलाधरच्या नावाची सव्वा मूठ, जीवराम आबांच्या नावाची, त्यांच्या मुलांच्या नावाची. जीवराम आबा म्हणजे नानांचे चुलतभाऊ, भाऊबंदकीत सगळ्यांत वडील. पुरण वाटलं, गंगाफळाची भाजी केली, गाण्यात टाळ्या वाजवल्या. सोमवारी सकाळी बोरी नदीवर कानबाई पोचवून आलो आणि अकराच्या सुमाराला दामले सर दारात उभे.

बारीक अंगाचा, टोपी घातलेला, सभ्य माणूस. खांद्यावरच्या पिशवीत भिंग, सुरी, कागदाची पाकिटं. त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. "आधी बघू," म्हणाले.

मी तोंड उघडायच्या आत लीलाधर पुढं झाला. "या सर, या. हे बघा आमच्या वडिलांचं विलायती लाकूड." फळ्या पुन्हा नालीवर मांडलेल्या होत्या, पिवळ्या, कोरड्या. अक्का पदर सावरून दाराआड उभी, चेहऱ्यावर नुसतं कौतुक. सरांनी वाकून बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

मी सगळं सांगितलं. सांगताना माझं मलाच ऐकू येत होतं की हे किती खोटं वाटतंय. सणाची सफाई, सासूचा मोतीबिंदू, परवापर्यंत होती. मी पाकिटं काढली, सूक्ष्मदर्शकाखाली बघून काढलेली चित्रं काढली. ते शांतपणे ऐकत राहिले.

"मॅडम," शेवटी म्हणाले, "तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. पण मी बघितलं काय? एक स्वच्छ फळी." मग माझं तोंड बघून त्यांना दया आली असावी. त्यांनी सुरीचं टोक लाकडात खुपसलं, थोडा भुगा काढून हुंगला. "आत कूज आहे. बुरशी लाकडात असेल तर घासून मरत नाही. फळ्या सावलीत, ओल्या ठेवा. पुढच्या श्रावणात आली तर मी पुन्हा येईन. स्वतः येईन."

एवढ्यावर मी जगायला तयार होते. एक वर्ष काय, चुटकीसरशी जाईल म्हटलं. सरांना रोट देता येत नव्हता, म्हणून अक्कानं त्यांच्यापुरती शेवभाजी वेगळी केली होती. ती खाऊन, अक्काला नमस्कार करून ते दुपारच्या गाडीनं गेले.

मग घरचे सगळे रोट खायला बसले. जीवराम आबा, त्यांची मुलं, लीलाधर एका पंगतीत, आम्ही बाया त्यांच्या मागं. माझ्या डोळ्यांतलं पाणी काही केल्या थांबेना. अक्काला ते कुणीतरी सांगितलं असणार. ती चाचपडत माझ्याजवळ आली.

"रडस कसाले वं? मन्हं काही चुकनं का?"

"नाही अक्का. जेव तू."

"तू सांगं व्हतं हात लावानं नई. मन्ह्या ध्यानमां व्हतं," अक्का म्हणाली. "पन साहेबले मयकट लाकूड कसं दाखाडानं? म्हनीसन मी लीलाले इचारं. घसू का रे भो? तो म्हने, घस माय, चांगलं घस. राख त्यानीच आनी दिन्ही. पानी बी त्यानीच तपाडं. फळ्या बी त्यानीच गच्चीवर चढाड्यात."

पंगतीत कुणाला काही कळलं नाही. कळलं ते दोघांना. लीलाधरचा घास हातात राहिला, पण त्यानं मागं वळून बघितलं नाही.

"लीलाधर," मी म्हटलं. भाऊबंदांसमोर नवऱ्याला नावानं हाक मारली म्हणून आबांची सून दचकली. "तू बाहेर गेला होतास ना?"

"म्हातारी विचारत होती, तिला नाराज कशाला करायचं?" तो ताटात बघत म्हणाला. "मला वाटलं, वरवर घासेल. मला काय कळतं तुझ्या बुरशीतलं?"

"धूर दिसला होता तुला. तू हसला होतास."

"मंदा, सणाच्या दिवशी तमाशा नको," जीवराम आबा म्हणाले.

"तमाशा नाही आबा. एकच विचारते. रोट घरच्यांनीच खायचा असतो ना?"

"हां. घरच्यांनीच."

"मग माझं ताट उचला," मी म्हटलं आणि उठले.

कुणी ताट उचललं नाही, कुणी मला थांबवलंही नाही. आबांनी रोटाचा तुकडा मोडला, पुरणात बुडवला, आणि पंगत पुढं सुरू झाली. अक्का मात्र बराच वेळ माझ्या रिकाम्या पाटाला हात लावून बसली होती, असं आबांच्या सुनेनं नंतर सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून कुणी जन्मभर धरून बसतं का? नव्हतेच मी धरून बसले. त्यानंतरच्या दोन महिन्यांत मी स्वतःलाच शंभरदा सांगितलं, पुरुष आहे, घाबरला असेल, बायको पुण्याला गेली तर गाव काय म्हणेल म्हणून चुकला असेल. रोज दोन तांबे पाणी फळ्यांवर शिंपडायचे. वर गोणपाट अंथरलं. दसऱ्याला कुजक्या टोकाशी पांढरं जाळं धरलेलं दिसलं, सुताएवढं बारीक. जिवंत होती! मी धावत जाऊन ते कुणाला सांगितलं असेल? लीलाधरला. दुसरं होतं कोण मला? तो म्हणाला, "चांगलं झालं." त्याच्या तोंडून ते ऐकून माझा राग निम्मा उतरला.

भाऊबीजेला मी शिरपूरला गेले. वडिलांना सांगितलं, पुढच्या श्रावणात सर येणार आहेत. ते आजारी होते, तरी उठून बसले.

परत आले तेव्हा स्टँडवर लीलाधर घ्यायला आला होता. असा तो कधी यायचा नाही. घराच्या कोपऱ्यावरच उग्र वास आला. मी विचारलं, रस्त्याचं काम चाललंय का? तो पुढं होऊन भराभर चालायला लागला. मी सरळ परसात गेले. नालीवरच्या फळ्या काळ्याकुळकुळीत, वरून, खालून, टोकांनी, भेगांमध्येसुद्धा. डांबर. लाकडाच्या पोटातली बुरशीसुद्धा त्यानं मरते. डबा अजून भिंतीशी होता, त्यात ब्रश उभा.

त्या घरात मी आल्यापासून लीलाधरनं स्वतःच्या हातानं भिंतीत एक खिळा ठोकला नव्हता.

अक्का दारात उभी होती. "मी त्याले सांगं नई वं," ती म्हणाली. "ह्या खेपले मी काही सांगं नई."

"लाकूड टिकावं म्हणून," लीलाधर मागून म्हणाला. "नानांची आठवण आहे." त्याच्या नखांत अजून डांबर होतं. तशाच हातानं त्यानं माझ्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली आणि म्हणाला, "दमली असशील. चहा टाक, मलाही घे."